डबा पोचवणाऱ्यांच्या यादीत एकट्या माणसाचेही नाव हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावे रिकामी व्हायला लागतात. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे घरातले दोन्ही कर्ते हात एकाच दिवशी बाहेर पडतात. लेकरांसाठी काही गावांत शासनाची हंगामी वसतिगृहे चालतात. घराला राखण म्हणून मागे राहिलेल्या आजी-आजोबांचे काय, हा प्रश्न मात्र त्या-त्या घरावर सोडलेला असतो. मोतीबिंदू झालेली आजी चुलीपुढे बसून एकदा भाकरी थापते आणि तीच दोन दिवस पुरवते. याच गावांत आणखीही काही माणसे एकटी असतात. कुणाच्या घरात आत्महत्या झालेली असते आणि तेरावा उरकला की येणारे-जाणारे थांबतात. कुणाची जमीन खरडून गेलेली असते आणि तो घराबाहेर पडायचा बंद झालेला असतो.

अशा गावात सहा महिने चालेल असा डबा आणि विचारपूस कशी उभी करायची, हे तपशिलाने मांडावे म्हणून हे पत्र आहे. त्यातला आमचा मुख्य आग्रह आधीच सांगतो. ज्याला आपण मदत घेणारा समजतो, त्याचेही नाव काम करणाऱ्यांच्या पाळीत असले पाहिजे. एकटेपणात माणसाची सर्वांत आधी जाते ती गरज. आपल्यावाचून कुणाचे काही अडत नाही, असे रोज वाटायला लागले की झोप उडते, जेवण जात नाही आणि माणूस अंथरुण धरतो. "मन थाऱ्यावर आलं की करीन काहीतरी" असे तो म्हणतो खरा, पण घडते याच्या उलट. आधी लहानसे, ठरल्या वेळेचे काम हाती यावे लागते, मग मन सावकाश मागून येते. साडेदहाला आपण मेथी निवडून दिली नाही तर भाजी खोळंबेल, एवढी साधी निकड पुष्कळ काम करते.

आपल्या मुलुखाला हे नवे नाही. नांदेडच्या हुजूर साहिबच्या लंगरमध्ये कुणीही जाऊन भांडी घासायला बसू शकतो. त्याला कुणी नाव-गाव विचारत नाही, दुःखही विचारत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात गावातल्याच बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. मोडलेल्या गावातली बाई दुसऱ्याच्या घराची भिंत नीट उभी राहतेय का हे बघायला जात होती. तेव्हा झाले ते आताही होऊ शकते, फक्त ते भूकंपाशिवाय सुरू करायला हवे.

सुरुवात यादीने करावी, आणि टोळ्या गाव सोडण्याच्या आधी. टोळी गेली की माहिती देणारेच गेले. प्रत्येक घरासाठी एक पान ठेवावे. मुलगा-सून कोणत्या कारखान्यावर जाणार, मुलाचा आणि मुकादमाचा मोबाइल नंबर, घराची दुसरी किल्ली कुणाकडे, कोणता आजार, गोळ्यांची चिठ्ठी कुठे ठेवली आहे, दात आहेत की नाहीत, रात्री हाकेला ओ देणारा शेजारी कोण, हे सगळे त्यावर हवे. दातांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, कारण निम्मा डबा परत येतो तो त्यापायीच.

स्वयंपाक कुणाच्या घरी ठेवू नये. शाळा, समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीची खोली, म्हणजे सगळ्या वस्त्यांतल्या माणसांना बिनदिक्कत आत येता येईल अशीच जागा घ्यावी. रांधायची पाळी सगळ्या वस्त्यांना फिरती ठेवावी. "आज कुणी केलंय?" असे विचारून डबा नाकारणारे निघतात, हे आपण सगळे जाणतो. त्यांच्यासाठी पाळी बदलू नये. त्यांना त्या दिवशीचा कोरडा शिधा द्यावा आणि पुढच्या घरी जावे. एकदा पाळी बदलली की दुसऱ्या आठवड्यापासून ठरावीक बायकाच चुलीपाशी आणि ठरावीक बायका फक्त भांड्यांपाशी, अशी वाटणी आपोआप होते आणि मग ती मोडता येत नाही. विधवा बाईला चुलीपाशी बसवण्यावरून कुजबुज झाली तर तेच. हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर ठरवून टाकावे, ऐन वेळी तिच्यादेखत चर्चा नको. मोठ्या भांड्यांची चिंता करू नये. सप्ताहाची पातेली, कढया, पराती देवळात वर्षभर पालथ्या पडलेल्या असतात.

वीस माणसांच्या एका वेळच्या जेवणाचा हिशेब असा. ज्वारीचे पीठ साडेतीन ते चार किलो, तुरीची डाळ एक किलो, भाजी अडीच किलो, तेल पाव लिटर, शेंगदाण्याचा कूट पाव किलो. माणशी दोन भाकरी, म्हणजे चाळीस. भाकरी पातळ आणि लहान असावी, किलोभर पिठाच्या बारापर्यंत होतील अशा बेताची. एका तव्यावर तासाला वीसच्या आसपास भाकरी होतात, म्हणून दोन तवे आणि दोन बायका लागतात. ते रोज जमत नसेल तर वरण-भाजी तेवढी एकत्र करावी आणि भाकऱ्या वीस घरांतून दोन-दोन गोळा कराव्यात. या पद्धतीत गडबड होते ती जाडीची. कुणाची भाकरी हाताएवढी जाड, कुणाची करपलेली, कुणाची सकाळी सहाची. म्हणून पीठ गरम पाण्यात मळायचे, भाकरी नऊनंतरच करायची आणि फडक्यात गुंडाळून आणायची, हे त्या घरांना आधी सांगावे. पीठ फार दिवसांचे असेल तर त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते आणि थंड झाल्यावर कडक होते. दळण आठवड्यापुरतेच आणावे.

दात नसलेल्यांसाठी भाकरीचा हट्ट धरू नये. ज्वारीच्या कण्या रात्री भिजत घालून एका वाटीला पाच वाट्या पाणी घालून मऊ शिजवाव्यात आणि त्यात ताक कालवून द्यावे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ते ओळखीचे आहे, पोटालाही हलके आहे. नाहीतर भाकरी वरणात कुस्करून, दहा मिनिटे झाकून मगच डबा भरावा.

मीठ सगळ्यांच्याच जेवणात बेताचे ठेवावे. वीस माणसांच्या वरणाला चहाचे सपाट तीन चमचे पुरे. ज्यांना बीपी नाही त्यांना ठेचा वेगळा द्यावा. साखर (मधुमेह) असलेल्यांना भात आणि गूळ नको, भाकरी आणि पालेभाजी चालते. वेगळे जेवण ओळखू यावे म्हणून डब्याच्या झाकणावर ऑइलपेंटचा ठिपका द्यावा, कागदाची चिठ्ठी दुसऱ्याच दिवशी धुऊन जाते. डबे दुप्पट हवेत. वीस माणसांना चाळीस, म्हणजे आजचा भरलेला द्यायचा आणि कालचा रिकामा घ्यायचा. पैशांत हे आजच्या बाजारभावाने माणशी रोज २५-३० रुपयांच्या आसपास बसते. धान्य, डाळ, भाजी गावातून आली तर रोख खर्च तेल, गॅस आणि साबणापुरता उरतो.

वेळ पाळणे हा या कामाचा कणा आहे, आणि याचे कारण फक्त शिस्त नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन बसलेल्या माणसाचे जेवण तास-दीड तास लांबले तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस भरकटल्यासारखे बोलतो. म्हणून पहिली फेरी साखरेच्या माणसांच्या दारातून सुरू करावी, घर जवळ असो की लांब. असे लक्षण दिसले आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यावी आणि पंधरा मिनिटे तिथेच थांबावे. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. गोळ्या वाढवणे, कमी करणे, एकाची दुसऱ्याला देणे यात आपण पडायचे नाही. पाकिटात सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या वेगळ्या करून ठेवणे एवढेच आपले काम, तेही डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून.

डबा हे निमित्त आहे, खरे काम दारातल्या दहा मिनिटांचे आहे. एका माणसाकडे पाच-सहापेक्षा जास्त घरे दिली की तो डबा ठेवून पळतो. "बरंय का आजी?" असे विचारले तर "बरंय बापा" हेच उत्तर येते. त्याऐवजी नेमके विचारावे. रात्री डोळा कधी लागला? काल संध्याकाळी काय खाल्ले? लघवीला किती वेळा उठावे लागले? गोळ्यांचे पाकीट दाखवता का? आणि विचारत असताना बघावे. कालच्या डब्यात काय उरले, घागरीत पाणी किती, पायांवर सूज आहे का, अंगावरचे लुगडे किती दिवसांचे आहे. एका साध्या वहीत तारीख, जेवण, गोळी आणि काही वेगळे दिसले असेल तर ते, एवढेच लिहावे. लागोपाठ दोन दिवस डबा तसाच परत आला तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता आशाताईंना कळवावे.

उन्हाळा सुरू झाला की पाणी आधी, डबा नंतर. टंचाईत टँकरचा निकष माणशी २० लिटरचा असतो, पण टँकर विहिरीत रिता होतो आणि शेंदून आणणे पंच्याहत्तरीच्या माणसाला होत नाही. ज्याच्याकडे डबा त्याच्याकडेच त्या घरची एक घागर. या दिवसांत वरण लवकर आंबते, म्हणून डबा दिल्यावर दोन तासांत खायला सांगावे, संध्याकाळसाठी फक्त भाकरी आणि चटणी ठेवावी. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट-घोट दिवसभर. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झाले तर अपाय होतो.

आता त्या आग्रहाकडे येतो. डबा घेणाऱ्या प्रत्येकाला झेपेल असे काम आदल्या दिवशीच नेऊन द्यावे. लसूण सोलणे, शेंगा फोडणे, डाळ निवडणे, मेथी मोडणे, फडकी शिवणे. दिसत नसेल त्याला शेंगा, हात थरथरत असतील त्याला चिंचेचे चिंचोके काढायला द्या. काम खरे असले पाहिजे. वेळ जावा म्हणून काहीतरी दिले तर ते म्हाताऱ्या माणसाला लगेच कळते आणि अपमान वाटतो. सोललेला लसूण दुसऱ्या दिवशीच्या फोडणीत पडला पाहिजे, आणि "मामा, लसूण वेळेवर आला म्हणून बरं झालं" हे त्यांना सांगितले गेले पाहिजे. एखाद्या आबांना काहीच करता येत नसेल तर गल्लीतल्या चार घरांच्या डब्यांची वेळ त्यांनी बघावी. डबा उशिरा आला हे नेमके त्यांनाच ठाऊक असते.

दुःखातल्या माणसाला पाळीत घेताना घाई नको आणि फार वाटही बघू नये. घरातला कर्ता गेलेल्या बाईला पहिल्या महिन्यात कुणी बोलावूच नये असे आमचे मत नाही. दोघींनी जाऊन "तासभर भाजी चिरायला या" एवढेच म्हणावे. ती नाही म्हणाली तर आठवड्याने पुन्हा जावे. आली तर तिच्याभोवती गोळा होऊन विचारपूस करू नये, विळी पुढे सरकवावी. पहिले दोन-तीन आठवडे तिला स्वयंपाकाच्या जागीच काम द्यावे, घरोघरच्या फेरीला पाठवू नये, कारण दारोदारी तिलाच तिची कहाणी विचारली जाते. ज्याचे पीक वाहून गेले त्या माणसाला हिशेब किंवा सरपणाची जबाबदारी द्यावी, वाटपाला उभे करू नये. कालपर्यंत सुपाने देणारा माणूस रांगेत दिसला तर त्याला तेच बोचते.

मात्र सेवा हे औषध आहे असे समजून उपचार लांबवू नयेत. दोन आठवडे झाले तरी कशातच रस वाटत नाही, झोप पहाटेच मोडते, जेवण तुटले आहे, "माझं आता काय राहिलं" असे शब्द वारंवार येतात, तर त्या माणसाशी सरळ बोलावे. जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट ओझे हलके होते. उत्तर हो असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि घरातले फवारणीचे औषध त्याच दिवशी बाहेर काढून कुलपात ठेवावे, किल्ली शेजाऱ्याकडे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवस-रात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, तिथवर सोबत जावे, पत्ता सांगून मोकळे होऊ नये. कुणी औषध प्यायलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढायच्या नादी लागू नये. बाटली सोबत घ्यावी आणि १०८ किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठावा. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

हे काम मोडते कुठे, तेही सांगायला हवे. पहिल्या आठवड्यात तीस नावे येतात आणि संक्रांतीला सहा उरतात. माणसांचा उत्साह गेला असे म्हणून त्यांना दोष देऊ नये. डिसेंबर-जानेवारीत तूर काढणीला येते, पाठोपाठ हरभरा, मग ज्वारीची काढणी आणि मुलांच्या परीक्षा. पाळ्यांचा तक्ता शेतीच्या वेळापत्रकासमोर ठेवूनच बनवावा. एका माणसाला आठवड्यातून एकच पाळी आणि प्रत्येक पाळीला बदली माणूस ठरलेला. ज्वारी काढणीच्या पंधरवड्यात भाकरी बंद ठेवून मुगाची मऊ खिचडी द्यावी, त्यात कमीपणा नाही. याउलट एखादा माणूस सातही दिवस राबतो आणि सुट्टी घेत नाही. तो बहुधा घरी एकटा बसणे टाळत असतो. त्याचे कौतुक करत राहण्यापेक्षा त्याला आठवड्यातून एक दिवस सक्तीने विश्रांती द्यावी आणि त्या दिवशी कुणीतरी त्याच्याकडे चहाला जावे.

वाढदिवसाचे अन्नदान हा दुसरा मोठा अडथळा. जिलेबी-बालुशाहीची खोकी येतात, सोबत फोटोवाले येतात. दात्याला नम्रपणे सांगावे की दहा किलो तूरडाळ किंवा तेलाचा डबा द्या, आणि फोटो धान्याच्या पोत्याचा काढा, माणसाचा नको. डबा घेताना फोटो निघाला की तो मुलापर्यंत कारखान्यावर पोचतो, आणि आई-बापाला गावाने पोसल्याची लाज त्याला छळते. पुढच्या वर्षी ते घर यादीत नाव देत नाही.

पैशाचा आणि धान्याचा हिशेब दर महिन्याला फळ्यावर लिहावा, सही दोघांची. निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये काढायला म्हातारी माणसे नेताना दोन माणसे सोबत असावीत. कुणाचे एटीएम कार्ड, पिन किंवा रेशनकार्ड आपल्याकडे ठेवू नये, कितीही विश्वास असला तरी. आणि घरात ऐकलेली गोष्ट, सुनेविषयीची असो की कर्जाची, पारावर येऊ नये. हे एकदा घडले की ते दार बंद होते.

तोडीवरच्या मुलांशी बोलणे हाही पाळीचाच भाग धरावा. ती माणसे पहाटे फडात उतरतात, गाडी भरायची वेळ रात्री-अपरात्री येते. म्हणून आठवड्यातली एक वेळ मुकादमामार्फत आधी ठरवून घ्यावी, फोन चार्ज करून न्यावा, लावून द्यावा आणि आपण अंगणात जाऊन उभे राहावे.

यादीतले एखादे माणूस जाते, हेही या कामात येणारच. नेहमी त्या दारात जाणाऱ्याला ते घरच्यासारखे लागते. त्याला दुसऱ्या दिवशी एकट्याला त्या गल्लीत धाडू नये, आठवडाभर जोडीने जावे. दर शुक्रवारी सगळ्यांनी अर्धा तास बसावे, कुणाच्या दारात काय जड गेले ते बोलावे. तिथे कीर्तन-व्याख्यान नको.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा टोळ्या हलायच्या तोंडावर येते. त्या सभेत चार गोष्टींचा ठराव घ्यावा, अशी सर्व ग्रामपंचायतींना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे: एकट्या राहणाऱ्यांची यादी, स्वयंपाकाची जागा, देवळातली भांडी वापरायची मुभा आणि पाळीचा तक्ता ठेवणारी दोन माणसे, त्यातली एक बाई. जिथे सभा होऊन गेली आहे तिथे पाच माणसांनी बसून सुरुवात केली तरी चालते, पाच डब्यांनी सुरू केलेले काम वाढवता येते. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळानेही मजुरांच्या नोंदणीच्या वेळी घरी मागे कोण राहते हा एक रकाना भरून घ्यावा आणि ती माहिती प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी, म्हणजे आशाताईंच्या फेरीत ही घरे पहिली येतील.

आपले,
गावपातळीवर डबा व विचारपुशीचे काम करणारे कार्यकर्ते,
ता. धारूर, जि. बीड